माएग्लिनची मामेबहीण

गोंडोलिन हे एल्फ लोकांचं शहर डोंगरांच्या कड्यात असं लपवलेलं होतं की शत्रूला त्याची वाट शेकडो वर्षं सापडली नाही. तिथला राजा टुर्गॉन. त्याची बहीण आरेडेल हट्टानं शहराबाहेर पडली, नान एल्मोथच्या काळोख्या रानात एऑल नावाच्या एका एकलकोंड्या एल्फच्या घरी नांदली आणि तिला मुलगा झाला, माएग्लिन. हाताशी आल्यावर तो आईला घेऊन मामाच्या गावी आला. बाप माग काढत पोचला. त्यानं मुलावर फेकलेला भाला आईनं अंगावर घेतला, ती गेली. बापाचा कडेलोट झाला. पोरक्या भाच्याला मामानं जवळ केलं, दरबारात मानाची जागा दिली. मामाला एकुलती एक मुलगी, इड्रिल. भाच्याचं मन तिच्यावर बसलं.

मराठी घरात वाढलेल्या वाचकाला इथवर आल्यावर सनई ऐकू यायला लागते. मामाची मुलगी म्हणजे हक्काची. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या सांध्यावरचा प्रदेश म्हणून दाखवला, त्यामागं या नात्याचा मोठा वाटा आहे. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच, तिच्याशी लग्नाचा विचारसुद्धा पाप. दक्षिणेत मामेबहीण, आतेबहीण, काही समाजांत सख्खी भाचीही चालते. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र टाळतात. एकाच पुण्यात ऋग्वेदी देशस्थांच्या घरी सहज जमणारी सोयरीक कोकणस्थांच्या घरी कुणी तोंडातून काढत नसे. अर्जुनाची सुभद्रा त्याच्या मामाचीच मुलगी, कारण कुंती वसुदेवाची बहीण. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं बहीण-भावांच्या मुलांचं आपसातलं लग्न निषिद्ध नात्यांच्या यादीत घातलं आणि त्याच दमात रूढीला अपवादाची वाट ठेवली. चार्ल्स डार्विननं १८३९ साली एमा वेजवुडशी लग्न केलं, तीही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी.

जे. आर. आर. टॉल्किननं मात्र या प्रेमातून शहराचा नाश काढला. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७७ साली, मुलगा ख्रिस्तोफर यानं संपादित करून छापलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये ही कथा येते. एल्फ इतक्या जवळच्या नात्यात लग्न करत नाहीत, एवढं सांगून टॉल्किन थांबत नाही. याआधी कुणा एल्फला तशी इच्छासुद्धा झाली नव्हती, असं तो पुढं सांगतो. इड्रिलला भाऊ वाकडा वाटतो. ती टुओर नावाच्या मर्त्य माणसाशी लग्न करते. माएग्लिन आतल्या आत जळत राहतो, शत्रूच्या हाती सापडतो, आणि इड्रिल मिळेल या आमिषावर गोंडोलिनची वाट सांगून टाकतो. शहर जळतं.

फितुरी हा गुन्हा आहे, यात वाद नाही. पण टॉल्किननं फितुरीची मुळं त्या प्रेमात रोवली आहेत. वाचकानं माएग्लिनला पहिल्यापासून किडका समजावं अशी सोय त्यानं केली, आणि कीड कोणती, तर नेवाशाला किंवा निपाणीला आईनं हौसेनं जमवली असती ती सोयरीक. टॉल्किन श्रद्धाळू कॅथलिक होता आणि त्याच्या चर्चमध्ये पहिल्या पिढीच्या चुलत-मामे भावंडांचं लग्न खास परवानगीशिवाय लागत नाही. एल्फांच्या या नियमामागं तो संस्कार असावा, असा माझा तर्क आहे. इंग्लंडच्या दिवाणी कायद्याला अशा लग्नाचं वावडं सोळाव्या शतकापासूनच नाही.

नियमापेक्षा मला त्याचं समर्थन जास्त विचार करायला लावतं. कुणाला तशी इच्छाच झाली नव्हती, तर मनाई कुणासाठी होती? हा प्रश्न मानवशास्त्रात शंभर वर्षांहून जुना आहे. फिनलंडचा एडवर्ड वेस्टरमार्क यानं १८९१ मध्ये मांडलं की लहानपणापासून एकत्र वाढलेल्या मुलांना मोठेपणी एकमेकांविषयी लैंगिक ओढ वाटत नाही, आणि जवळच्या नात्यातल्या लग्नाचा निषेध या नावडीतून आला. जेम्स फ्रेझरनं १९१० मध्ये उलट विचारलं: जे कुणी करणारच नाही ते बंद करायला कायदा कशाला लागतो? विस्तवात हात घालू नये असा कायदा कुठल्या राज्यात आहे? फ्रॉइडनं हाच मुद्दा उचलून धरला. पुढं तैवानमध्ये, जिथं भावी सून तान्ही असताना घरात आणून नवऱ्याबरोबर वाढवायची रीत होती, आर्थर वुल्फ यांनी नोंदी तपासल्या. अशा जोडप्यांना मुलं कमी झालेली दिसली आणि काडीमोड जास्त. वेस्टरमार्कचं पारडं जड झालं. पण ते मान्य केलं तर माएग्लिनची बाजू आणखी बळकट होते. तो इड्रिलबरोबर वाढला नव्हता. तो रानात वाढला, ती राजवाड्यात. पहिली भेट झाली तेव्हा दोघंही जाणते होते. मामाची मुलगी दुसऱ्या गावात वाढते, म्हणून तर आपल्याकडे ते नातं जमतं.

उरलं आनुवंशिक रोगांचं कारण. एल्फ आजारी पडत नाहीत, म्हातारपणानं मरत नाहीत. म्हणजे निषेध आहे, तो मोडल्याचं पाप आहे, आणि निषेधाला लागणारी कारणं लेखकानंच आपल्या जगातून काढून टाकली आहेत.

कल्पित जमातींच्या नीतीचा निवाडा करताना पहिली अडचण ही. खऱ्या समाजात संशोधक जातो तेव्हा तिथली रूढी त्यानं घडवलेली नसते, तिथल्या लोकांची शरीरं आणि तिथला पाऊसही नसतो. कादंबरीकार रूढी रचतो, आणि ती रूढी बरोबर ठरेल की चूक हे ठरवणारा निसर्गही तोच रचतो. कायदा त्याचा, पुरावा त्याचा, साक्षीदार त्याचे. म्हणून एल्फ काय करतात हे विचारण्याआधी, त्यांना तसं करायला लावून लेखकानं काय साधलं हे विचारावं लागतं.

‘ज्याचा त्याचा आचार’ म्हणून मोकळं होण्याची सवयही जुनी आहे. दोन हजार वर्षांहून जुन्या बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडच्या पाच आणि उत्तरेकडच्या पाच वादग्रस्त चालींची यादी आहे. दक्षिणेकडच्या अशा: मुंज न झालेल्याबरोबर जेवणं, बायकोबरोबर जेवणं, शिळं अन्न खाणं, मामाच्या मुलीशी लग्न आणि आत्याच्या मुलीशी लग्न. उत्तरेकडच्या: लोकर विकणं, मद्य पिणं, वरखाली दोन्ही जबड्यांत दात असलेल्या जनावरांचा व्यापार, शस्त्रांचा धंदा आणि समुद्रप्रवास. बौधायन सांगतो की दक्षिणेचा आचार उत्तरेत केला किंवा उत्तरेचा दक्षिणेत, तर दोष लागतो. आपापल्या प्रदेशात देशाची चाल हेच प्रमाण. फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हा निकाल सोयीचा आहे. पण सूत्र तिथंच संपत नाही. गौतमाला हे मान्य नाही, अशी नोंद लगेच पुढं येते, आणि शिष्टांच्या परंपरेला सोडून असलेल्या दोन्हीकडच्या चाली मानू नयेत असा सूर लागतो. म्हणजे सगळ्यांचं आपापल्या जागी बरोबर, आणि एकच मोजपट्टी सगळ्यांना, ही दोन टोकं त्या चार ओळींत समोरासमोर उभी आहेत. १९४७ साली अमेरिकेच्या मानवशास्त्र संघटनेनं संयुक्त राष्ट्रांना कळवलं की मानवी हक्कांचा जाहीरनामा पाश्चात्त्यांची मूल्यं सगळ्या जगावर लादेल. १९४८ मध्ये जाहीरनामा निघाला. वाद तोच होता.

या वादात कल्पित जमाती खऱ्या उपयोगी पडतात त्या उर्सुला ले ग्विनच्या हातात. ती आल्फ्रेड क्रोबर या नामवंत मानवशास्त्रज्ञाची मुलगी. परक्या चालीरीतींच्या गप्पा तिच्या घरात जेवणाच्या टेबलावर होत असणार. १९६९ च्या ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत तिनं गेथेन नावाचा बर्फाळ ग्रह रचला. तिथली माणसं महिन्याचे बहुतेक दिवस ना स्त्री ना पुरुष असतात. ठरावीक काळात त्यांना लैंगिक ओढ लागते, तेवढ्यापुरतं त्यांच्यातलं कुणीही स्त्री होतं किंवा पुरुष. एकच माणूस एखाद्या मुलाची आई आणि दुसऱ्याचा बाप असू शकतो. अशा शरीरांना आपले निषेध कसे लागू पडतील? ले ग्विन भावंडांमधला संबंध तिथं चालतो असं ठेवते. इंग्रजी वाचक दचकतो, मराठी वाचकही दचकतो. पण तिनं हद्द आखली आहे. भावंडांना जन्मभराची शपथ घेता येत नाही, आणि मूल झालं की संबंध तोडावा लागतो. आईबाप आणि मुलं यांच्यात तर मुळीच नाही.

त्या कादंबरीत एक लोककथा येते. दोन भाऊ शपथ घेतात, त्यांच्यातला एक मूल जन्माला घालतो, घराचा मुख्य दोघांना वेगळं व्हायला सांगतो. ज्यानं मूल जन्माला घातलं तो जीव देतो. मग गाव दुसऱ्याला हाकलून देतं, आणि ते भावाशी संबंध ठेवल्याबद्दल नसतं. त्यानं एका माणसाला आत्महत्येपर्यंत नेलं, म्हणून. गेथेनवर खुनापेक्षा आत्महत्या मोठं पाप. जिथं थंडी रोज मारायला टपलेली आहे तिथं स्वतःहून जीव सोडणं म्हणजे सगळ्यांचा विश्वासघात, हे वाचताना पटत जातं. टॉल्किननं एल्फांवर आपला निषेध चिकटवला. ले ग्विननं शरीर बदललं, हवामान बदललं आणि निषेध तिथून उगवू दिला. कल्पित जमातीची नीती जमली की फसली हे पाहायला मी हाच कस लावतो: ते शरीर आणि ती जमीन काढून घेतली तर नियम कोसळतो का? कोसळला पाहिजे. न कोसळणारा नियम लेखकाच्या घरचा असतो.

आता टॉल्किनचेच ऑर्क. काळे, कुरूप, क्रूर, हजारोंनी मरणारे. त्यांच्या मरणाचं वाचकाला काही वाटू नये अशी व्यवस्था असलेले. टॉल्किनची त्यांच्यावरून आयुष्यभर ओढाताण झाली. त्याच्या श्रद्धेप्रमाणे दुष्ट शक्तीला काही निर्माण करता येत नाही, असलेलं फक्त बिघडवता येतं. मग ऑर्क कशाचे बिघडले? एल्फांचे, माणसांचे, की बोलायला शिकवलेली जनावरं? त्यानं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरं लिहिली आणि एकही त्याला पुरतं पटलं नाही. आत्मा असेल तर सुटकेची शक्यता आली, आणि सुटकेची शक्यता असलेल्यांची अशी कत्तल गोष्टीत कशी चालवायची?

पण कादंबरीकार म्हणून त्याचे कान तिखट होते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या खंडाच्या अखेरीस शॅग्रॅट आणि गॉरबॅग हे दोन ऑर्क नायक गप्पा मारतात आणि कथानायक फ्रोडोचा सोबती सॅम लपून ऐकतो. दोघं वरिष्ठांवर वैतागलेले आहेत. लढाई संपली की चार विश्वासाची पोरं घेऊन कुठंतरी निघून जावं, डोक्यावर साहेब नको, असं त्यांचं स्वप्न. मग बेशुद्ध फ्रोडोचा विषय निघतो. त्याच्याबरोबरचा मोठा लढवय्या त्याला तसाच टाकून गेला, असा त्यांचा समज आहे, आणि गॉरबॅगला त्याची किळस येते: सोबत्याला टाकून जाणं हे एल्फांचंच काम. थोड्याच वेळात आपला एक जोडीदार महाकाय कोळिणीच्या जाळ्यात जिवंत लटकताना दिसला आणि आपण त्याला तसाच सोडून आलो, ही आठवण काढून दोघं हसतात. टॉम शिपी या अभ्यासकानं या उताऱ्यावर बोट ठेवलं आहे. ऑर्कांना नीती ठाऊक आहे. सोबत्याला सोडू नये हे त्यांना आपल्याइतकंच कळतं. त्यांना ते स्वतःला लागू करता येत नाही, एवढंच. वर्तमानपत्र उघडलं की असे ऑर्क पहिल्याच पानावर भेटतात.

टॉल्किनचा हा पेच १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळानं एका फटक्यात सोडवला, म्हणजे बिघडवला. तिथं प्रत्येक प्राण्याच्या नावापुढं त्याचा नैतिक कल छापलेला: अमुक जमात चांगली, तमुक दुष्ट. आकडे असतात तशी नीतीही जन्मजात. मग टेबलाभोवती बसलेल्या पोरांनी साहजिक प्रश्न विचारला. आम्ही ऑर्कांची गुहा जिंकली, आत त्यांची तान्ही बाळं आहेत, धर्मयोद्ध्यानं त्यांचं काय करायचं? जन्मतःच दुष्ट, तर मारणं पुण्य. पण ज्याला दुसरं काही होताच येत नाही, त्याला दुष्ट म्हणण्यात अर्थ काय? पर्यायच नसेल तर विंचवाला दुष्ट म्हणावं लागेल. या बाळांवरून खेळाडूंची भांडणं पन्नास वर्षं चालली. २०२० साली खेळ काढणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की ऑर्क आणि काळे एल्फ यापुढं इतरांइतकेच गुंतागुंतीचे दाखवले जातील, आणि २०२४ च्या नियमपुस्तकातून वंश हा शब्दच काढून त्याजागी प्रजाती आणला. शब्दानं फारसं साधलं नाही. बाळांना पर्याय मिळाला हे महत्त्वाचं.

आपल्या पुराणांना हा पेच नवा नाही. राक्षस जन्मानं राक्षस, पण विभीषण निघतो; असुरांतून प्रल्हाद निघतो. भीमाशी लग्न केलेली हिडिंबा माणसं खाणाऱ्या कुळातली. तिचा मुलगा घटोत्कच पांडवांसाठी मरतो आणि कृष्ण आनंदानं नाचतो. द्रोणपर्वात तो कारणही देतो की घटोत्कच यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, नाहीतर मलाच त्याला मारावं लागलं असतं. महाभारतातली ही जागा वाचून माझा कृष्णावर राग राहतो, तो कुठल्याच टीकेनं गेलेला नाही. आणि बळीराजा तर असुर. वामनानं त्याला पाताळात घातला, तरी त्याचं राज्य परत यावं अशी इच्छा महाराष्ट्रातल्या घरांतून दर दिवाळीला बोलून दाखवली जाते. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या कथेला उलटं करून पाहिलं: राक्षस म्हणून ज्यांना रंगवलं ते इथले मूळचे शेतकरी, आणि रंगवणारे जिंकणारे. इतिहास म्हणून त्या मांडणीवर वाद घालता येतो. पण जमातीच्या नीतीचं वर्णन कुणी लिहिलं, हा प्रश्न टॉल्किनच्या वाचकांनी विचारायच्या कितीतरी आधी पुण्यात विचारला गेला होता.

मनुस्मृतीत विवाहाचे आठ प्रकार आहेत, त्यांतल्या चारांची नावं पाहा: असुर, गांधर्व, राक्षस, पैशाच. मुलीच्या बापाला पैसे मोजून केलेलं लग्न असुरांच्या नावावर, प्रेमाचं गंधर्वांच्या, पळवून आणलेल्या मुलीशी केलेलं राक्षसांच्या, झोपलेल्या किंवा शुद्धीत नसलेल्या मुलीवरच्या बळजबरीचं पिशाचांच्या. सगळी कामं माणसांचीच. जे नाकारायची हिंमत नव्हती आणि कबूल करायची लाज होती ते दुसऱ्या जमातीच्या खात्यावर टाकून झालं. आणि राक्षसविवाह क्षत्रियांना चालतो, अशी परवानगीही देऊन झाली. कल्पित जमात निर्माण करण्याचं हे फार जुनं कारण आहे.

व्हिडिओ गेमच्या दुनियेत ‘द एल्डर स्क्रोल्स’ ही १९९४ पासून चालत आलेली मालिका. तिच्यात बॉस्मेर नावाचे रानातले एल्फ आहेत. त्यांचा रानाशी करार झालेला: आपल्या रानातलं झाड तोडायचं नाही, पान खुडायचं नाही, फळ खायचं नाही. खायचं ते मांस. लढाईत मारलेला शत्रूही वाया घालवायचा नाही, तीन दिवसांत संपवायचा, हवं तर घरच्यांनी हातभार लावायचा. कंदमुळं वर्ज्य मानणाऱ्या जैन घरातल्या मुलानं हा खेळ खेळताना काय वाटून घ्यावं? दोघांची वृत्ती एकच आहे, वनस्पतीच्या जिवाला जपण्याची, आणि निघालेले निष्कर्ष मात्र एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे. बॉस्मेर लाकूड वापरतात बरं का. फक्त ते दुसऱ्या जमातीनं दुसरीकडे तोडलेलं असावं लागतं, ते विकत घेतात. करार लिहिणाऱ्याला माणसाची चांगली पारख होती. जी हिंसा आपल्या हातानं होत नाही ती चालते, हा तोडगा मानवी धर्मांनीही वापरला आहे; आपल्यासाठी मारताना पाहिलं, ऐकलं किंवा तसा संशय आला नसेल तर मांस चालतं, असा भिक्खूंसाठी बौद्ध विनयातला नियम आहे.

बॉस्मेरांच्या नरभक्षणाचा निवाडा तरीही अर्धवटच होतो, कारण गेमच्या कर्त्यांनी त्याचं बिल माफ केलं आहे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत फोरे लोक आपल्या मेलेल्या नातलगांना खात. त्यात क्रौर्य नव्हतं. माणूस किड्यांच्या पोटात जाण्यापेक्षा आपल्या माणसांच्या पोटात जावा, ही माया होती. पण त्यातून कुरू नावाचा मेंदूचा रोग पसरला आणि १९५०च्या दशकात वर्षाला दोनशेपर्यंत माणसं त्यानं मरत होती. मेंदूचा भाग बायका आणि मुलांच्या वाट्याला येई, म्हणून मरणाऱ्यांत त्यांचाच भरणा होता. या रोगावरच्या कामासाठी कार्लटन गायडुसेक यांना १९७६ चं नोबेल मिळालं. चाल बंद पडली, रोग हळूहळू संपला. चालीमागची भावना खरी होती आणि तिची किंमत कोण मोजतंय हेही खरं होतं. या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, आणि कल्पित जगात दुसरी बहुधा गाळलेली असते.

रोलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या गोष्टींत गॉब्लिन हे बँक सांभाळणारे, धातूचे कसबी कारागीर. त्यांच्या समजुतीप्रमाणे वस्तू घडवणाऱ्याची असते. पैसे देणाऱ्यानं ती आपल्या हयातीपुरती भाड्यानं घेतलेली असते आणि तो मेला की ती कारागिराकडे परतली पाहिजे. जादूगारांना हे लबाडीचं वाटतं. पण फ्रान्समध्ये १९२० पासून चित्र पुन्हा विकलं गेलं की चित्रकाराला वाटा मिळतो, आणि भारताच्या कॉपीराइट कायद्यातही कलम ५३अ प्रमाणे मूळ चित्र, शिल्प किंवा हस्तलिखित दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं तर कर्त्याला दहा टक्क्यांपर्यंत हिस्सा मागता येतो. गॉब्लिन तेच मागत होते, थोडं ताणून. ग्रिपहूक या गॉब्लिनला गॉब्लिनांनीच घडवलेली एक तलवार द्यायचं कबूल करताना हॅरी ती कधी देणार हे मुद्दाम गुलदस्त्यात ठेवतो. पुढं ग्रिपहूक दगा देतो तेव्हा वाचक त्याच्यावर चिडतो. मला दोघांमधला आधी लबाडी करणारा हॅरीच दिसतो.

टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डमध्ये ड्वार्फ बायका आणि पुरुष सारखेच दिसतात, दोघांना दाढी, दोघांच्या हातात कुऱ्हाड, आणि कोण काय हे विचारणं असभ्य. १९९६ च्या ‘फीट ऑफ क्ले’मध्ये चीरी नावाची पोलीस खात्यातली ड्वार्फ कानात डूल घालते, ओठ रंगवते, पुढं घागरा घालते. जातभाईंना तो भर रस्त्यातला उघडेपणा वाटतो. दाढी काढ असं मात्र तिला कुणी सुचवलेलं खपत नाही. दाढी गेली तर ती ड्वार्फ कसली? आतून बंड करणारी माणसं अशीच असतात. त्यांना घर जाळायचं नसतं, एक भिंत पाडायची असते. प्रॅचेटनं हे विनोदात सांगितलं म्हणून पुष्कळांनी ते हसण्यावारी नेलं.

आणि हॅरी पॉटरच्याच जगातले हाउस-एल्फ. पिढ्यान्‌पिढ्या एका घराला बांधलेले, बिनपगारी, चूक झाली तर स्वतःलाच शिक्षा करणारे. मालकानं कपडा दिला की सुटका. त्यांच्यातल्या विंकीला मालक असं हाकलतो तेव्हा ती लाजेनं खचते आणि पिऊन पडते. दुसरा, डॉबी, सुटल्यावर पगार मागतो, पण हॅरीच्या शाळेचे हेडमास्तर देऊ करतात त्याहून कमीच घेतो. त्यांचा स्वभावच तो, असं भलेभले सांगतात. हॅरीची मैत्रीण हर्मायनी त्यांच्यासाठी संघटना काढते, पुढं लोकरीच्या टोप्या विणून बैठकीच्या खोलीत लपवून ठेवते, म्हणजे साफसफाई करताना हात लागला की आपोआप सुटका. एल्फांना हा अपमान वाटतो, ते त्या खोलीकडे फिरकेनासे होतात. विचारल्याशिवाय केलेली सुटका, असा हर्मायनीवर आक्षेप घेता येतो. पण ‘त्यांना आवडतं’ हा दाखला आपल्या ओळखीचा आहे. विधवेचं केशवपन तिच्या संमतीचं, तिच्या पुण्याचं, असंच सांगितलं जाई. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून त्या संमतीचा बुरखा ओढला, आणि १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायला नकार दिला. राबणाऱ्या समाजात एक जरी डॉबी असेल, तर ‘स्वभावच तो’ हे उत्तर बाद होतं, मग उरलेले कितीही समाधानी दिसोत.

रोलिंगबाईंनी डॉबी निर्माण केला, म्हणजे प्रश्न त्यांना कळला होता. उत्तर द्यायचं त्यांनी टाळलं. सातव्या खंडात युद्ध जिंकलं जातं, जुलमी मरतो, जादूगारांचं जग सुटतं. मुख्य कथेच्या शेवटच्या वाक्यांत दमलेला हॅरी झोपायला निघतो आणि वारशानं मिळालेला आपला हाउस-एल्फ क्रीचर वर सँडविच आणून देईल का, याचा विचार करतो. क्रीचरला कपडा कुणीच दिलेला नाही.